दोरा लावून पारखलेला बारा इंची पृथ्वीगोल

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून मी बारा इंची पृथ्वीगोल विकत घेतला. किंमत १,७५० रुपये. तेव्हापासून दहा महिने तो आमच्या घरी जवळजवळ रोज हाताळला गेला आहे, त्यामुळे त्याचे गुणदोष आता विश्वासाने सांगता येतील असे वाटते. लाकडी बैठकीवरचे, आतून दिवा लागणारे, जुन्या पिवळट नकाशाचा रंग दिलेले शोभेचे गोल बाजारात पुष्कळ आहेत. मी पाहत होते ती गोष्ट निराळी होती. पृथ्वी गोल आहे हे लक्षात घेतल्याशिवाय ज्या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत, ते प्रश्न सोडवायला हे साधन किती उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने मी त्याची पारख केली आहे. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून या बाबतीत माझ्या अपेक्षा थोड्या जास्त असतील, हेही आधीच सांगते.

निमित्त झाले ते नातवाच्या प्रश्नाचे. माझी थोरली मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे जाताना विमानात पुढच्या पडद्यावर आमचे विमान नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जाताना दिसत होते. सहावीत जाणारा नातू ते टक लावून पाहत होता. परत आल्यावर त्याने भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली आणि विचारले, "आजी, सरळ रस्ता तर इजिप्तवरून जातो. मग विमान बर्फापर्यंत वर कशाला गेलं?" मी तोंडी उत्तर दिले, त्याने मान डोलावली, पण समोरचा नकाशा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देत होता आणि मुलाचा विश्वास साहजिकच डोळ्यांवर होता. त्याच आठवड्यात मी गोल आणायचे ठरवले.

वस्तू दिसायला साधी आहे. आत प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू, त्यावर दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या छापील कागदाच्या बारा पट्ट्या चिकटवलेल्या, वरून चमकदार रोगण. धातूची अर्धवर्तुळाकार कमान, तिच्यावर अंशांच्या खुणा, आणि खाली जड लोखंडी बैठक. आस साडेतेवीस अंशांनी कललेला. समुद्र फिकट निळा आहे, अक्षांश-रेखांश दर दहा अंशांवर आहेत आणि अक्षरे चाळिशीच्या चष्म्यातून वाचता येतात. नावे मात्र सगळी इंग्रजीत आहेत. मराठी नावांचा बारा इंची गोल मी चार दुकानांत विचारला, मला मिळाला नाही. प्रशांत महासागराच्या रिकाम्या जागेत प्रमाण छापले आहे, १ : ४,२०,००,०००. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर खऱ्या पृथ्वीवर ४२० किमी होतो आणि एक मिलिमीटर ४२ किमी. हा आकडा मी पेन्सिलीने बैठकीवर लिहून ठेवला आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे.

पहिली परीक्षा दोऱ्याची. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा घ्यावा, कारण तो ताणला तरी वाढत नाही. त्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबावे, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा हळूहळू ओढून घ्यावा. सैल असताना तो कुठेही पडतो; ताणला की आपोआप एका जागी जाऊन बसतो, आणि ती जागा पाहण्यासारखी असते. मुंबईतून निघालेला दोरा पश्चिमेला जातच नाही. तो उत्तरेकडे झुकून पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान ओलांडतो, कझाकस्तानातून कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेला निघतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून स्वीडन-नॉर्वेवर येतो, आइसलँडला स्पर्श करतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चिकटून पुढे लाब्राडोरवर उतरतो आणि मग न्यूयॉर्कला पोहोचतो. वाटेत तो जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. नातवाने दोन्ही बोटे तशीच दाबून धरली आणि पडद्यावर पाहिलेली नावे एकामागून एक उच्चारत दोऱ्यावरून नजर फिरवली. विमाने वारे, हवामान आणि हवाई हद्दींचे निर्बंध पाहून मार्ग बदलतात, त्यामुळे प्रत्येक उड्डाण हुबेहूब या रेषेवरून जात नाही. पण सगळ्यांच्या मार्गाचा कणा हाच.

दोरा मोजला तर ३० सेंटीमीटरला एखाद-दुसरा मिलिमीटर कमी भरला. ४२० ने गुणले की साधारण १२,५०० किमी येतात. हिशेबाने काढलेले अंतरही १२,५०० किमीच्या जवळपासच आहे. आता भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने काढलेली रेषा पाहू. ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को यांवरून अटलांटिकमध्ये उतरते. त्या रेषेने खरोखरच गेले तर सुमारे १४,२०० किमी पडतील, म्हणजे "सरळ" दिसणारा रस्ता १,७०० किमीने लांब. पट्टी सरळ आहे, नकाशाही नीट छापलेला आहे, आणि तरी उत्तर चुकते. पृथ्वीच्या गोल पाठीवर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची वाट ही बृहत्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा असते. ताणलेल्या दोऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

दिशेचेही तेच. घरात उभे राहून न्यू जर्सीकडे बोट दाखव म्हटले की आम्ही सगळे अरबी समुद्राकडे, पश्चिमेला बोट दाखवत होतो. दोऱ्याचा पहिला सेंटीमीटर पाहिला तेव्हा कळले की खरी दिशा उत्तर-वायव्य आहे. बरोबर उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश. लेक कुठल्या दिशेला आहे हे इतकी वर्षे चुकीचे मनात धरले होते याची त्या दिवशी मला खरीच चुटपुट लागली.

याहून ठळक उदाहरण हवे असेल तर सॅन फ्रान्सिस्को आणि बेंगळुरू घ्यावे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांदरम्यान थेट विमान सुरू केले. पहिल्या उड्डाणात विमानाचे सारथ्य करणाऱ्या सर्व वैमानिक स्त्रिया होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल त्यांच्या प्रमुख, आणि विमान उत्तर ध्रुवावरून आले. सपाट नकाशावर ध्रुव ही वरची चौकट असते. तिच्यावरून जाणारा रस्ता काढताच येत नाही. गोलावर दोरा ताणला की तो ध्रुवाशेजारून जातो, कारण ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. माझ्या गोलावर मात्र हा दोरा नीट बसला नाही. उत्तर ध्रुवावर कमान अडकवणारा स्क्रू आणि त्याखालची घड्याळाची चकती आडवी येते. या तक्रारीकडे पुढे वळतेच.

भिंतीवरच्या नकाशाविषयी मात्र अन्याय होऊ नये. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत "मर्केटर प्रक्षेपण" असे लिहिलेले आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली हा नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा काटा पाहून एकच दिशा धरून जहाज हाकायचे असेल, तर त्या मार्गाची रेषा नकाशावर सरळ यावी, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी त्यांनी उत्तर-दक्षिण अंतरे ध्रुवांकडे जाताना वाढवत नेली, म्हणजे कोन कुठेही बिघडू नयेत. कोन राखले, आणि त्याची किंमत आकाराने मोजली. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. त्याच्याही वर ते झपाट्याने फुगत जाते. म्हणून या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढे वाटते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.९ लाख चौरस किमी, ग्रीनलँडचे २१.७ लाख. आपला देश ग्रीनलँडच्या दीडपट आहे, हे वर्गात फळ्यावर आकडे लिहून मी वर्षानुवर्षे सांगितले. नातवाने पातळ कागदावर भारताचा आकार गिरवला, कापला आणि गोलावरच्या ग्रीनलँडवर नेऊन ठेवला, तेव्हा त्याला आकड्यांची गरजच पडली नाही.

नकाशे काढणाऱ्यांनी जास्त काळजी घेतली असती तर हा दोष टळला असता, असेही नाही. कलशावरच्या नारळाला सपाट कागद चिकटवून पाहावा. कुठे चुण्या पडतात, कुठे कागद फाटतो. जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी १८२७ साली गणिताने दाखवून दिले की गोलाचा पृष्ठभाग अंतरे जशीच्या तशी ठेवून सपाट करता येणारच नाही. मग प्रत्येक नकाशाने काहीतरी राखायचे आणि काहीतरी सोडायचे, एवढाच पर्याय उरतो. कुणी कोन राखतो, कुणी क्षेत्रफळ, तर कुणी दोन्ही थोडेथोडे बिघडवून डोळ्याला बरे दिसेल असे काही निवडतो. माझ्या मते शाळेतल्या प्रत्येक जगाच्या नकाशावर कोणते प्रक्षेपण वापरले हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवे, कारण तो नकाशा कशासाठी वाचू नये हे त्यावरूनच कळते.

इथे एक रास्त प्रश्न येतो. गोल जर एवढा खरा, तर सपाट नकाशे वापरायचेच कशाला? याचे उत्तर देताना मला नेहमी भास्कराचार्य आठवतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात पृथ्वी सपाट का भासते याचे कारण दिले आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा दिसतो; पृथ्वी फार मोठी आणि तिच्या पाठीवरचा माणूस फार लहान, म्हणून त्याला ती सारी सपाटच वाटते, असा त्याचा आशय. माझ्या गोलाचा परिघ विषुववृत्तावर ९५.७ सेंटीमीटर भरतो. त्याचा शंभरावा भाग म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर, आणि खऱ्या पृथ्वीवर ४०० किमी. पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किमी पसरलेला महाराष्ट्र गोलावर दोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. ४०० किमी अंतराची वक्र वाट आणि तेवढ्याच टोकांमध्ये जमिनीच्या पोटातून काढलेली सरळ रेषा यांच्या लांबीत फरक पडतो तो साधारण ६५ मीटरचा. म्हणून तालुक्याचा, जिल्ह्याचा, अगदी राज्याचा नकाशा सपाट कागदावर बिनदिक्कत काढावा. पुण्याहून कोल्हापूरला जायला गोल निरुपयोगी आहे. दोन मिलिमीटर हात हलला की ८४ किमीची चूक होते. मुंबई-दिल्लीसारख्या १,१५० किमीच्या अंतरातही एवढी चूक फार वाटते. मुंबई-लंडन किंवा मुंबई-न्यूयॉर्क अशा अंतरांत मात्र ती एका टक्क्याच्या आसपास राहते. गोल घ्यावा तो खंडोखंडीच्या अंतरांसाठी.

अर्थात सूक्ष्म मोजणीत जिल्ह्यालाही पृथ्वीचा आकार सोडत नाही. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीला आधार असलेली रेषा, मोजून ज्या सर्वेक्षणाला सुरुवात केली, त्यात त्यांचा मुख्य हेतू एका अंशाची लांबी ठरवून पृथ्वीचा आकार काढणे हा होता. ते काम करता करताच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेला पृथ्वीचा आकार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांना दीर्घकाळ पायाभूत होता. उपग्रहांवर चालणारी आजची यंत्रणा वेगळा, जगभर एकच असलेला आकार धरते. त्यामुळे जुन्या नकाशावरून घेतलेले अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये जसेच्या तसे घातले तर जागा थोडी सरकलेली दिसते. नकाशा आणि मोबाइल दोघेही बरोबर असतात. दोघांनी मनात धरलेली पृथ्वी निराळी असते.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर गोलाशी त्याची तुलना करायला हवी, कारण "हातात फोन असताना गोल कशाला" हे मला अनेकांनी विचारले. फोनमधले बहुतेक नकाशे मर्केटर यांच्याच पद्धतीचे थोडे सोपे केलेले रूप वापरतात, आणि ते योग्यच आहे: कोन राखले जात असल्याने कुठल्याही गावातला चौक चौकासारखाच दिसतो, गल्ली तिरकी होत नाही. ध्रुवापाशी हा नकाशा अनंतापर्यंत ताणला जातो, म्हणून तो ८५ अंशांच्या थोडे पुढे कापून टाकतात आणि सारे जग एका चौरसात बसवतात. या ताणाचा पुरावा कोणालाही पाहता येतो. नकाशा मोठा-लहान न करता पुण्यावरून बोटाने सरकवत ऑस्लोपर्यंत न्यावा आणि कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीकडे लक्ष ठेवावे. पुण्यावर जेवढी लांबी १०० किमी दाखवते, तेवढीच लांबी ऑस्लोवर जेमतेम ५३ किमीची उरते. गूगल मॅप्सने २०१८ साली संगणकावरचा आपला नकाशा दूर नेल्यावर गोल होईल अशी सोय केली, ती मला मनापासून आवडली. त्यातले अंतर मोजण्याचे साधनही मुंबई-न्यूयॉर्कची रेषा वाकडी, म्हणजे बरोबर, काढते. पण पडद्यावरच्या गोलाची एका वेळी एकच बाजू दिसते, आणि वाकडी रेषा यंत्राने काढलेली असते. मुलाला ती का वाकली हे कळायला स्वतःच्या बोटांनी दोरा ताणावा लागतो. माझ्या अनुभवात फोनने उत्तर दिले आणि गोलाने कारण दिले, म्हणून दोन्ही घरात असावेत असे मला वाटते.

आता पृथ्वीच्या खऱ्या आकाराविषयी. ती पूर्ण गोल नाही, ध्रुवांवर चपटी आहे, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि मनात संत्र्यासारखे काहीतरी चित्र धरतो. फिरणारी पृथ्वी ध्रुवांवर चपटी असणार असे न्यूटन यांनी म्हटले. ते खरे की खोटे हे ठरवायला फ्रान्सने १७३५ साली पेरूकडे आणि १७३६ साली लॅपलँडकडे मोहिमा पाठवल्या, आणि न्यूटन बरोबर ठरले. पण हा चपटेपणा केवढा? विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवांकडची ६,३५७ किमी. बारा इंची गोलात ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचा व्यास फक्त एक मिलिमीटरने कमी असायला हवा. म्हणून चपटा बनवलेला गोल मागू नये, कुणी दाखवलाच तर घेऊ नये. माझा गोल ध्रुवांवरून मोजला तर ९६.१ सेंटीमीटर भरला, म्हणजे चपटा असण्याऐवजी किंचित उभट आहे. निर्मितीतला हा दोष आहे, परंतु कामात आड येत नाही.

दुकानदारांनी मला डोंगर उठावाने दाखवलेला एक गोलही दाखवला होता. बोट फिरवले की हिमालय हाताला लागतो आणि मुले हरखतात, हे मी समजू शकते. मी तो घेतला नाही. ८,८४९ मीटरचे एव्हरेस्ट या प्रमाणात ०.२ मिलिमीटर उंच असायला हवे. तिथला उठाव सहज दोन मिलिमीटर होता, म्हणजे ८४ किमी उंच पर्वत. आपले कळसूबाई तर कागदाच्या जाडीतच हरवते. शिवाय अशा खडबडीत पृष्ठभागावर दोरा नीट बसत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात सरासरी समुद्रपातळीचा आकार, ज्याला जिऑइड म्हणतात, गणिती आकारापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली आहे. जगातला हा सर्वांत खोल भाग. शास्त्रज्ञांना आणि उपग्रहांवरून उंची काढणाऱ्यांना हा आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि तरी गोलावर तो एक मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहून थोडासाच जास्त होतो. गुळगुळीत गोल हीच पृथ्वीची सर्वांत प्रामाणिक प्रतिकृती आहे.

माझी खरी तक्रार बैठकीबद्दल आहे. कललेला आस ऋतू समजावून सांगताना उपयोगी पडतो, त्याबद्दल वाद नाही. पण नकाशा म्हणून वापरताना ही कमान पावलोपावली अडवते. उत्तर ध्रुवाचे सांगितलेच. दक्षिणेकडे तर अंटार्क्टिका जवळपास संपूर्ण बैठकीच्या दांड्याआड जाते. सिडनी ते सान्तियागो हा रस्ता सपाट नकाशावर प्रशांत महासागराच्या मधून जाताना दिसतो, प्रत्यक्षात सर्वांत जवळची वाट ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या शेजारी उतरते; हा दोरा लावायला मला गोल डोक्यावर धरून खालून पाहावे लागले.

शेवटी दोन्ही स्क्रू सोडवून मी चेंडू कमानीतून काढला आणि जुन्या लुगड्याची चुंबळ वळून तिच्यावर ठेवला. हंडा-कळशी डोक्यावर स्थिर ठेवणारी ती चुंबळ पृथ्वीलाही उत्तम धरते. आता गोल हवा तसा फिरवता येतो, कुठलेही गाव वर आणता येते, दोन्ही ध्रुव मोकळे राहतात. गेले आठ महिने तो तसाच आहे आणि बैठक माळ्यावर गेली आहे.

चुंबळीमुळे आणखी एक प्रयोग साधला, आणि या खरेदीत मला सर्वांत जास्त आनंद त्याने दिला. गच्चीवर उन्हात गोल असा ठेवायचा की पुणे अगदी वर येईल आणि उत्तर ध्रुव बरोबर उत्तरेकडे राहील. असे केले की गोलाचा आस खऱ्या पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि ऊन गोलाच्या ज्या अर्ध्या भागावर पडते, त्याच अर्ध्या जगात त्या क्षणी दिवस असतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवशी आम्ही पुणे, दिल्ली आणि न्यू जर्सी येथे मेणाने टाचण्या उभ्या चिकटवल्या. दुपारी साडेबाराला पुण्याच्या टाचणीची सावली नाहीशी झाली. दिल्लीच्या तीन सेंटीमीटर टाचणीची सावली अर्धा सेंटीमीटर उरली, म्हणजे सूर्य तिथे डोक्यावरून दहा अंश ढळलेला होता. दहा अंश म्हणजे वर्तुळाचा छत्तिसावा भाग. पुणे आणि दिल्ली यांच्यातले दक्षिणोत्तर अंतर साधारण १,१२० किमी, त्याला ३६ ने गुणले की चाळीस हजारांच्या थोडे वर. ग्रीक विद्वान इराटोस्थेनीस यांनी सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या सायीनी आणि अलेक्झांड्रिया येथील सावल्यांवरून पृथ्वीचा परिघ काढला तो याच रीतीने. त्यांचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता. दुपारी तीन वाजून गेल्यावर उन्हाची कड सरकत न्यू जर्सीच्या टाचणीपर्यंत आली. नातवाने आत्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते आणि ती झोपेतल्या आवाजात म्हणाली, "अरे, आत्ताच खिडकीतून सूर्य वर येताना दिसतोय."

उरलेल्या दोषांचे थोडक्यात सांगते. कागदाच्या पट्ट्यांचे जोड सगळीकडे सारखे जुळलेले नाहीत. ९० अंश पूर्व रेखांशावरचा जोड दोन मिलिमीटरने सरकला आहे, त्यामुळे बांगलादेशाचा किनारा तुटलेला दिसतो. गोलाच्या भाषेत ही ८४ किमीची चूक आहे. कझाकस्तानची राजधानी "नूर-सुलतान" अशी छापली आहे. हे नाव मार्च २०१९ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंतच होते, नंतर पुन्हा अस्ताना झाले. म्हणजे मला मिळालेला माल जुन्या छपाईचा होता. दुकानात याविषयी बोलल्यावर त्यांनी दुसरे खोके उघडून दाखवले, त्यातही तेच नाव निघाले, आणि जोडाचा दोष मी दोन महिने वापरल्यानंतर सांगत असल्याने बदली देण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला. तो मला अयोग्य वाटला नाही. घेतानाच पाहायला हवे होते. भारताच्या सीमा मात्र सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे बरोबर आहेत आणि लडाख वेगळा दाखवला आहे. परदेशी बनावटीचा गोल मागवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासावी.

सतराशे पन्नास रुपयांत हा गोल मी सहावी ते दहावीतल्या मुलांच्या घरांना आणि लहान शाळांना सुचवेन. आठ इंची गोल स्वस्त पडतो, पण त्यावर एक सेंटीमीटरमध्ये सव्वासहाशे किमी मावतात आणि दोऱ्याची मोजणी फार ढोबळ होते, म्हणून तो घेऊ नये. खरेदीला जाताना पिशवीत हातभर सुती दोरा आणि एक पट्टी ठेवावी. दुकानातच विषुववृत्त मोजावे, मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा तीस सेंटीमीटरच्या आत-बाहेर येतो का ते पाहावे, ९० अंश पूर्वेचा जोड उजेडात धरावा, कझाकस्तानची राजधानी वाचावी, आणि चेंडू कमानीतून सुटा निघतो का हे दुकानदारांना प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. चुंबळ घरी वळता येते.